केतकीच्या नावाला थांबली

उचकी लागली की कुणीतरी आपली आठवण काढतंय, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. कोण काढतंय तेही शोधता येतं. एकेक नाव घ्यायचं, मध्ये पाण्याचा घोट घ्यायचा, आणि ज्या नावाला उचकी थांबेल तो माणूस. लोक आता चंद्रावरून फोन लावायच्या गोष्टी करतात. आपल्याकडे ही बिनतारेची सोय पणजीच्या काळापासून आहे.

तबाजी खरमाळ्यांनी मात्र या सोयीची नऊ वर्षं लेखी नोंद ठेवली होती. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. जाड पुठ्ठ्याच्या नोंदवह्या, लाल शाईनं आखलेले रकाने आणि अक्षर असं की तपासायला आलेल्या साहेबानं पान उलटायच्या आधी दोन घटका बघत राहावं. 'रात्रौ ८.१०. उचक्या सात. केतकीच्या नावाला थांबली.' दुसऱ्या दिवशी 'रात्रौ ८.१२. उचक्या नऊ. केतकीच्या नावाला थांबली.' शेजारच्या रकान्यात एक आकडा, मिलिमीटरमध्ये. तो त्यांच्या मुलीच्या, केतकीच्या गावच्या पावसाचा.

माणूस वेडा नव्हता हो. माणूस होता गेज रीडर. आंबेवेळ धरणावर चौतीस वर्षं त्यांनी ते एकच काम केलं. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला भिंतीच्या पायऱ्या उतरून पाण्याची पातळी वाचायची, पर्जन्यमापकातला पाऊस काचेच्या मापात ओतून बघायचा आणि दोन्ही वहीत लिहायचं. पाऊस पडला नसेल तर जागा मोकळी सोडायची नाही. 'निरंक' लिहायचं. "मोकळी जागा म्हणजे माणूस मोजायला गेलाच नाही," असं ते नव्या पोरांना सांगायचे. मग उपग्रह आले, पाण्यात तरंगती यंत्रं आली आणि सांगायला नवी पोरंच उरली नाहीत.

आता पाटबंधारे खात्याच्या धरणाजवळच्या वसाहतीत अठ्ठेचाळीस घरं होती आणि दिवा तिघांकडे लागायचा. खात्याला रिकाम्या घरांवर नजर ठेवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून निवृत्तीनंतरही खरमाळ्यांना राहू दिलेलं. भाजीची बिनचालकाची गाडी सोमवारी यायची, तिला "कशी आहेस बाई" म्हणून बघितलं तरी ती भेंडीचा भावच सांगायची. गुरुवारी फिरता दवाखाना यायचा. बाकी पाच दिवस बोलायला कोणी नाही, आणि खरं सांगायचं तर खरमाळ्यांची त्याबद्दल तक्रारही नव्हती. संध्याकाळी साडेसातला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि मिरचीचा ठेचा खायचा. आठला खिडकीजवळच्या खाटेवर आडवं व्हायचं. उशाशी तांब्या ठेवायचा. आठ दहाला पोरगी आठवण काढायची.

बायकोनं, सुलभानं, ही रीत घरात आणली होती. केतकी लहान असताना बापासारखीच जेवण झालं की उचक्या द्यायची. "बापाचा घसा घेऊन आलीय कार्टी," असं म्हणत सुलभा तिच्या पाठीवर हात फिरवायची आणि दोघी मिळून नावं घ्यायच्या. मामाचं, मावशीचं, शाळेतल्या बाईंचं. "आप्पांचं घे," केतकी म्हणायची. "अगं, आप्पा इथंच बसलेत. समोरच्या माणसाची कसली आठवण काढायची?" यावर दोघी हसायच्या. खरमाळे वहीतून मान वर काढायचे नाहीत, पण त्यांना ऐकू यायचं सगळं.

मग सुलभाचं पोट बिघडलं. जेवलं की फुगायचं, छातीत जळजळायचं, दोन घासांत पोट भरायचं. "पित्त आहे, सोडा घे," खरमाळे म्हणाले. तिनं घेतला. महिनाभरानं ती परत म्हणाली, तेव्हा ओव्याचं पाणी, थंड दूध, आवळकाठी झाली. "पुण्याला जाऊन दाखवायचं का?" तिनं एकदा विचारलं. ते दिवस धरण भरायचे होते. खरमाळे म्हणाले, "विसर्ग सुरू आहे, एवढं होऊ दे." असे अकरा महिने गेले. पुण्यात नेलं तेव्हा पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. त्यानंतर सुलभा सात आठवडे जगली.

केतकी त्यांना काय म्हणाली ते त्यांच्या कुठल्याच वहीत नव्हतं, पण पाठ होतं. दहाव्याचं आटोपून लोक गेल्यावर ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, धरणाचं पाणी दिवसातून दोनदा बघायला गेलात तुम्ही. आईच्या पोटात काय चाललंय, ते एकदा नाही बघायला गेलात." आवाज चढवला नव्हता तिनं. चढवला असता तर खरमाळ्यांना ते सोसलं असतं. पुढच्या वर्षी ती नॉर्वेला गेली, बर्गन नावाच्या गावी, माशांच्या संशोधनाच्या नोकरीवर.

गेल्यावर पहिल्या महिन्यात तिनं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा खरमाळे फोनसमोर बसून तो वाजताना बघत राहिले. उचलला आणि पोरीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं तर? नंतर फोन आला नाही. आणि बरोबर पाच आठवड्यांनी, ठेचा-भाकरी खाऊन आडवे झाले असताना, त्यांना उचकी लागली.

बहिणीचं नाव घेतलं, एक घोट घेतला. नाही थांबली. साडूचं घेतलं. नाही थांबली. मग भीत भीत, चोरून खाल्ल्यासारखं, "केतकी" म्हणाले आणि उरलेला तांब्या घटाघटा प्यायले. उचकी थांबली. त्या रात्री खरमाळे पोटभर रडले आणि केतकी गेल्यापासून तिकडचा पाऊस ज्या वहीत लिहीत होते, तिच्यात सकाळी उठून त्यांनी उचकीचा रकाना आखला.

तेव्हापासून रोज. फोन उचलायला नको, काही ऐकायला नको, विचारायला नको. पोरगी आठवण काढते म्हणजे तिनं मनातलं काढून टाकलंय. नाहीतर कोण कशाला रोज आठवण काढेल? नावं नेमानं आधी बाकीच्यांची घ्यायची आणि केतकीचं शेवटी, मोठ्या घोटाबरोबर, हा त्यांचा शिरस्ता. त्यात काय गोम आहे ती तुमच्या-माझ्या लक्षात येते. त्यांच्या येत नव्हती, किंवा येऊ द्यायची नव्हती. तरी माणूस प्रामाणिक बरं का! एकदा उचकी तोरणे साहेब नावाच्या जुन्या उपअभियंत्याच्या नावाला थांबली, तर तेही लिहिलं त्यांनी. नंतर आठवडाभर घुश्शात होते. तोरण्याला काय पडलंय माझी आठवण काढायला, म्हणून.

या सगळ्या वर्षांत त्यांच्या छातीत जळजळ होत होती. पहाटे तोंडात आंबट पाणी यायचं, आवाज घोगरा झाला होता. खरमाळ्यांनी सोडासुद्धा घेतला नाही. जिला दाखवायचं तिला दाखवलं नाही, आता स्वतःचं पोट घेऊन कुठल्या तोंडानं जायचं?

पण फिरत्या दवाखान्यातल्या डॉक्टर शबनम इनामदार रक्तदाब तपासता तपासता म्हणाल्या, "काका, आवाजाला काय झालंय?" आणि नाही नाही म्हणेपर्यंत त्यांनी हरभऱ्याएवढा कॅमेरा गिळायला लावला. पडद्यावर खरमाळ्यांची अन्ननलिका दिसली. खालच्या बाजूला लालभडक, मखमलीसारखे पट्टे होते.

"हे असं नको असतं," डॉक्टर म्हणाल्या. "जठरात जे आम्ल असतं ना, ते लोखंडाचा खिळा खाईल एवढं जालीम असतं. जठराला आतून बुळबुळीत थर असतो, म्हणून ते टिकतं. अन्ननलिकेला तसा थर नाही. दोन्हींच्या मध्ये एक झडप असते. ती तुमची सैल पडलीय. आम्ल वर येतं आणि भिंत भाजते."

"दरवाजाचं रबर सील गेलंय म्हणायचं."

"अगदी तसंच. आणि रोज भाजली की भिंत आपली जातच बदलायला लागते. तुमची सुरुवात झालीय. असंच राहिलं तर दोन-तीन वर्षांत कर्करोग."

डॉक्टरांनी कपाटातून तीन बाटल्या काढल्या. "पूर्वी आम्ही आम्ल कमी करायच्या गोळ्या द्यायचो. पण आम्ल पोटाला लागतंच, त्याशिवाय अन्न कसं पचणार, जंतू कसे मरणार? आता आम्लाला हातच लावत नाही आम्ही, भिंत राखतो. याला अस्तर म्हणतात. समुद्रातल्या शेवाळाचा गर आहे. त्यात खडकाला चिकटून बसणाऱ्या शिंपल्यांचा डिंक, म्हणजे ओल्यातही सुटत नाही असा. आणि गरात राहणारे निरुपद्रवी जिवाणू. अस्तर कुठं फाटलं की तेच रफू करतात, तुमच्या लाळेवर जगतात बिचारे. तीन दिवस सकाळी उपाशीपोटी एकेक बाटली प्यायची. घशापासून जठरापर्यंत थर बसतो."

"पिचिंग," खरमाळे म्हणाले. "लाटांनी भिंतीची माती खाऊ नये म्हणून आम्ही दगड लावतो पाण्याच्या अंगानं."

"बघा, मला एवढं सोपं करून सांगता आलं नव्हतं. आतमध्ये तांदळाएवढं एक यंत्रही बसेल. आम्ल कधी वर आलं, भिंतीला लागलं की नाही, ते तुमच्या फोनवर दिसेल. तुम्हाला तर मोजमापाची सवयच आहे."

भिंत खचतेय हे ऐकून धरणावरचा माणूस गप्प बसू शकत नाही. खरमाळ्यांनी बाटल्या घेतल्या. चवीला मीठ न घातलेल्या आंबिलीसारखं लागलं. चौथ्या दिवशी पहाटे तोंडात आंबट पाणी आलं नाही. आठव्या दिवशी छाती इतकी शांत होती की कुणाच्या तरी दुसऱ्याच्या अंगात झोपून उठल्यासारखं वाटलं त्यांना.

एव्हाना गावोगाव अस्तर आलं होतं. मिसळीच्या दुकानांतून दही मागणारे कमी झाले, चहा उपाशीपोटी प्यायला लोक मोकळे झाले, आणि नको त्या घरचं जेवण "पित्त झालंय हो" म्हणून टाळायची सोय कायमची गेली. माणसाच्या जिभेचे चोचले वाढले, बाकी जगाचं काही बिघडलं नाही. अशा शोधांचं खरं बिल कुठं येतं? एखाद्या रिकाम्या वसाहतीतल्या, रात्री आठ दहाच्या खाटेवर येतं.

पहिल्या दिवशी उचकी लागली नाही, तेव्हा खरमाळे म्हणाले, कामात असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सुट्टीवर गेली असेल कुठं. वहीत लिहिलं, 'निरंक'. तिसऱ्या दिवशी निरंक. दहाव्या दिवशी निरंक. तांब्या भरलेलाच राहायचा आणि सकाळी ते पाणी तुळशीला जायचं. पावसाचा रकाना मात्र रोज भरत होता. बर्गनला पाऊस धो धो पडत होता आणि पोरगी बापाला विसरली होती.

अठराव्या दिवशी त्यांनी ठेच्यात आठ मिरच्या जास्त घातल्या. जेवून लगेच उताणे झाले. कान तापले, नाक वाहिलं, डोळ्यांत पाणी आलं. उचकी नाही. दुसऱ्या दिवशी कच्चा कांदा, तळलेल्या मिरच्या, वर शिळं ताक घेतलं. उचकी नाही. अस्तर चोख होतं. शेवटी खोटी उचकी काढून बघितली, "हिक्" करून, आणि रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून त्यांना इतकी लाज वाटली की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एवढं एकटं त्यांना सुलभा गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा भांडायला तरी कुणी होतं.

गुरुवारी ते दवाखान्याची गाडी थांबायच्या आधीच रस्त्यावर उभे होते.

"मॅडम, हे अस्तर काढून टाका."

"का? त्रास होतोय?"

"नाही. त्रास होत नाही, हाच..." ते थांबले. "मला उचकी लागत नाही आता."

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "या महिन्यात असं सांगणारे तुम्ही तिसरे," त्या म्हणाल्या. "खिरेश्वरच्या एका आजी तर भांडायलाच आल्या होत्या, माहेरचं माणूस तोडलंस म्हणून. काका, अन्ननलिकेला लागून एक शीर जाते. आम्लानं ती चाळवली की श्वासाचा पडदा दचकतो. तो दचका म्हणजे उचकी. पाण्याचे मोठे घोट घेतले की आम्ल धुऊन जातं, शीर शांत होते. कुणाचंही नाव घ्या."

"कुणाचंही?"

"कुणाचंही."

"ते तुमचं शास्त्र झालं," खरमाळे म्हणाले. "माझ्याकडे नऊ वर्षांच्या नोंदी आहेत. मला अस्तर नको."

डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं, पट्टे पुन्हा दाखवले. खरमाळे हटले नाहीत. पेशंटनं सही करून मागितलं तर अस्तर उतरवायचं औषध द्यावंच लागतं, असा नियम होता. डॉक्टरांनी एक छोटी निळी बाटली त्यांच्या हातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही. "एका घोटात अस्तर विरघळेल. उचकी परत येईल आणि तिच्याबरोबर जे यायचं तेही येईल. हे मी तुम्हाला बरं होण्यासाठी देत नाहीये, काका."

त्या संध्याकाळी खरमाळ्यांनी जेवण केलं, बाटली खाटेवर ठेवली आणि प्यायच्या आधी, नऊ वर्षांच्या सवयीनं, वही उघडली. शेवटची नोंद नीट व्हायला हवी होती. 'अस्तर उतरवले, वेळ अमुक.' वेळ बघायला फोन हातात घेतला तर आतल्या तांदळाएवढ्या यंत्राचा अहवाल समोर आला. तो त्यांनी कधी उघडलाच नव्हता. आकडे दिसल्यावर न वाचणं या माणसाला जमण्यासारखं नव्हतं.

'रात्री ८.११. आम्ल वर. भिंत सुरक्षित.' आदला दिवस, 'रात्री ८.१०. आम्ल वर. भिंत सुरक्षित.' त्याच्या आदला, '८.१२.' रोजचं तेच. उचकीची वेळ झाली की आम्ल ठरल्याप्रमाणे येत होतं, अस्तरावर आपटून खाली जात होतं.

खरमाळ्यांनी जुन्या वह्या काढल्या. सगळ्या काढल्या. उन्हाळा असो, हिवाळा असो, आठ दहा, आठ बारा, आठ नऊ. तिकडची घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरात मागे येतात, हे त्यांना ठाऊक होतं. उचकी मात्र त्या तासाबरोबर कधी हलली नव्हती. पोरगी कामावर असो, झोपलेली असो, सुट्टीवर असो, आठ दहा म्हणजे आठ दहा. मध्ये अकरा दिवस निरंक होते. त्या तारखांना काय होतं ते बाजूला त्यांनीच लिहिलं होतं, 'ताप. पेज घेतली.' ठेचा नाही, भाकरी नाही, आणि पोरीची आठवणही नाही.

धरणावर एका वर्षी पातळीचा आकडा दोन दिवस बदलला नव्हता. सगळे खूश होते, पाणी स्थिर आहे म्हणून. खरमाळे एकटेच म्हणाले की इतका सारखा आकडा खऱ्या पाण्याचा नसतो. हातात मोजपट्टी घेऊन भर पावसात पायऱ्या उतरले, तर पातळी दाखवणारा तरंगता डबा गाळात अडकून बसलेला आणि पाणी चार फूट वर चढलेलं. तोरणे साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती तेव्हा. बाकीच्यांनी यंत्राकडे बघितलं आणि हा गडी पाण्याकडे गेला, असं म्हणाले होते.

नऊ वर्षं त्यांचा डबा गाळात अडकला होता. पोरीनं त्यांना माफ केलं होतं, हे त्यांना सांगितलं होतं कुणी? ठेच्यानं. बाहेर कुठं तरी टिटवी ओरडत होती. ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतं. केतकीनं नऊ वर्षांत एकदाही त्यांची आठवण काढली नसेल, असंही असू शकत होतं. आणि निळी बाटली प्यायली तर उद्यापासून पुन्हा रोज रात्री आठ दहाला माफी मिळणार होती, मरेपर्यंत. मरायलाही फार वेळ लागणार नव्हता.

ते बराच वेळ बाटलीकडे बघत बसले. मग त्यांच्या मनात आलं ते अगदी साधं होतं. चौतीस वर्षांत पाणी एकदाही क्वार्टरवर येऊन म्हणालं नाही, की खरमाळे, माझी पातळी लिहून घ्या. दरवेळी आपणच उतरून गेलो.

केतकीचा नंबर पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर होता. उघडी वही सारखी मिटत होती, तिच्यावर त्यांनी ती निळी बाटली वजन म्हणून ठेवली आणि नंबर लावला. तिकडे दुपारचे पावणेपाच झाले असतील.

"आप्पा?" पहिल्याच रिंगला. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं गं. मी बोलतोय."

"ते दिसतंय मला. बरे आहात ना?"

"पोटाचं अस्तर घातलंय. अन्ननलिकेला पट्टे आले होते. आता बरं आहे."

"पट्टे? किती दिवस त्रास होता?"

"नऊ वर्षं."

तिकडून श्वास घेतल्याचा आवाज आला. मग तोच आवाज, न चढवलेला. "नऊ वर्षं अंगावर काढलंत. तेच केलंत परत. आईच्या वेळी केलंत तेच."

आलं. ज्याला भिऊन तीन फोन उचलले नव्हते, ते आलं. पण फोन त्यांनी ठेवला नाही.

"हो," ते म्हणाले. "तेच केलं. तुझी आई दाखवूया का म्हणाली होती. मीच म्हणालो, विसर्ग होऊ दे. अकरा महिने सोडा पाजला मी तिला. चुकलं माझं, केतकी. याला दुसरं नाव नाही. तू बोललीस ते खरं बोललीस, आणि तुझा फोन मी त्याच भीतीनं उचलला नाही."

फोन चालू आहे की बंद, ते कळेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते जे रोज विचारायचे तेच बोलले, नेहमी मनात विचारायचे ते या वेळी मोठ्यानं. "पाऊस आहे का तिकडं?"

"इथं कधी नसतो," ती म्हणाली.

"काल एकोणीस मिलिमीटर झाला. परवा सहाच होता."

"तुम्हाला काय माहीत?"

"लिहितो मी. रोज सकाळी फोनवर बघतो आणि लिहितो."

"आमच्या गावचा पाऊस? कधीपासून?"

"तू गेलीस त्या दिवसापासून. तू उतरलीस त्या दिवशी निरंक होता. मला आश्चर्य वाटलं होतं, एवढं पावसाचं गाव आणि पोरगी गेली तर कोरडं."

आता ती रडत होती, हे त्यांना स्पष्ट ऐकू आलं. मग रडतानाच थोडं हसली. "आप्पा, तुम्हाला एक सांगू? हसू नका. मला इथं आल्यावर रोज उचकी लागायची. ऑफिसातून येऊन जेवले की लगेच. मी आईसारखी नावं घ्यायचे. तुमच्या नावाला थांबायची. फोन उचलत नाहीत, पण आठवण काढतात, असं म्हणायचे. मग इथल्या डॉक्टरांनी अस्तर दिलं. चार वर्षं झाली. उचकी बंद झाली." ती थांबली. "मी शास्त्र शिकलेली बाई आहे हो, मला शीर माहीत आहे, पडदा माहीत आहे. तरी वाटलंच. म्हटलं, संपलं. आप्पांनी आता सोडलं आपल्याला. म्हणून मग मीही..."

चार वर्षं त्या गावात पाऊस पडत होता, खरमाळे तो लिहीत होते, आणि त्या पावसात त्यांची पोरगी भरलेला ग्लास घेऊन बसली होती. एकाच घशाची दोन माणसं, दोन टोकांना, दोघंही उचकीची वाट बघत होती.

"महिना कुठला होता?" त्यांनी विचारलं.

"कसला महिना?"

"अस्तर घातलंस तो."

"फेब्रुवारी. अठरा तारखेपासून लागली नाही. का?"

खरमाळ्यांनी चार वर्षांपूर्वीची वही ओढली, चष्मा पुसला, पान शोधलं. "अठरा फेब्रुवारी," त्यांनी वाचलं, "अकरा मिलिमीटर."

"आणि एकोणीस?" ती म्हणाली.

"एकोणीस फेब्रुवारी. चार."

"वीस?"

"वीसला बावीस. एकवीसला सात. बावीस, निरंक."

"वाचा आप्पा," ती म्हणाली. "थांबू नका."

ते वाचत राहिले, एकही दिवस न गाळता. मार्चच्या मध्यावर घसा कोरडा पडला, तेव्हा उशाचा तांब्या उचलून दोन घोट पाणी प्यायले, आणि पुढची तारीख वाचली.